मुलांचे शिक्षण: तंत्रज्ञान आणि हाताची कौशल्ये यांचा मेळ कसा घालावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीपासून आठवीपर्यंतच्या मुलांचे पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पारंपरिक कौशल्ये म्हणजे सुवाच्य हस्ताक्षर, पाढे आणि तोंडी हिशेब, पाठांतर, मोठ्याने वाचन, शिवणकाम, माती-लाकूड-बांबूचे काम, स्वयंपाक, बागकाम आणि सागरगोट्यांसारखे हाताला वळण लावणारे खेळ, असा व्यापक अर्थ येथे घेतला आहे. काही उत्तरांत माहितीबरोबर मतही आहे, आणि ते मत म्हणूनच वाचावे.

समतोल म्हणजे निम्मा वेळ तंत्रज्ञानाला आणि निम्मा वेळ हाताच्या कामाला, असे समजायचे का?

नाही. वेळेची अशी वाटणी करणे सोपे असते, पण मूल काय शिकले हे तिच्यावरून कळत नाही. तासभर टॅबवर एकामागून एक चित्रफिती पाहणारे मूल आणि आजीच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली ओवी तासभर ऐकून ती वहीत उतरवून घेणारे मूल, या दोघांचाही पडद्यासमोरचा वेळ सारखाच भरतो; शिकणे मात्र सारखे होत नाही. म्हणून वेळेआधी क्रम पाहावा, असे आम्हांला वाटते. जे काम पुढे यंत्राकडून करून घ्यायचे आहे, ते मुलाने आधी स्वतःच्या हाताने आणि डोक्याने पुरेसे केलेले असावे. ज्याने बेरीज मांडली आहे त्याला आकडा चुकून दाबल्याचे कॅल्क्युलेटरवरच्या उत्तराकडे पाहून कळते. ज्याने कधीच मांडली नाही त्याला यंत्राचा शब्द हाच अखेरचा शब्द ठरतो.

क्रमाइतकाच महत्त्वाचा दुसरा निकष म्हणजे, काम चालू असताना ते प्रत्यक्षात कोण करीत आहे, हा. मूल करीत असेल आणि यंत्र मदत करीत असेल, तर ते शिक्षण आहे. पुढच्या सर्व उत्तरांच्या मुळाशी हेच दोन निकष आहेत.

कोणत्या वयात किती वेळ पडदा चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार दोन वर्षांखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त दाखवू नये. कमी असेल तितके चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनाही याच वळणाच्या आहेत. दोन वर्षांखाली पडदा नको, मात्र दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलायला हरकत नाही. दोन ते पाच वर्षांत एक तासाच्या आत आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. हे आकडे वरच्या मर्यादेचे आहेत, तेवढा वेळ भरून काढण्याचे नव्हेत, ही गोष्ट पालकसभेत अनेकदा सांगावी लागते.

परदेशांत तर सगळे शिक्षण डिजिटल झाले आहे. आपणच मागे जात नाही का?

जे देश या वाटेने सर्वांत पुढे गेले होते, त्यांपैकी काही आता फेरविचार करीत आहेत. स्वीडनने २०२३ मध्ये पूर्वप्राथमिक वर्गांत डिजिटल साधने सक्तीची करण्याचा निर्णय मागे घेतला आणि छापील पुस्तके, शांत वाचन व हस्तलेखन यांवर पुन्हा भर दिला. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल पूर्णपणे तंत्रज्ञानावर होता, आणि ते कोणाच्या अटींवर वापरले जात आहे, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला होता. तेव्हा हाताच्या कौशल्यांचा आग्रह धरणे म्हणजे काळाच्या मागे राहणे, ही समजूत आता सोडायला हवी.

टॅबवर अक्षरे गिरवण्याची छान ॲप्स आहेत. मग पाटी-पेन्सिल आणि पुस्ती कशाला?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, त्यामुळे त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

देवनागरीतली ‘घ’ आणि ‘ध’ ही अक्षरे पाहा. ‘घ’ची शिरोरेघ सलग असते, ‘ध’ची सुरुवातीला तुटलेली असते आणि तिथे एक लहानशी गाठ येते. ‘म’ आणि ‘भ’ यांतही फरक असाच आहे. मूल पाटीवर ‘ध’ लिहिते तेव्हा त्याला गाठ कुठून सुरू करायची, हात कुठे वळवायचा आणि रेघ कुठे थांबवायची हे दर वेळी ठरवावे लागते. पहिल्या दिवशी गाठ मोठी होते, दुसऱ्या दिवशी दांडीला चिकटते आणि आठवड्याभराने ती जागेवर बसते. या प्रत्येक चुकलेल्या ‘ध’ने त्या मुलाला ‘ध’ म्हणजे काय आणि काय नाही, हे शिकवलेले असते. ठिपक्यांवरून बोट फिरवताना हे ठरवण्याचे काम ॲपने आधीच केलेले असते. बोट शेवटच्या ठिपक्यापर्यंत पोचले की टाळ्या वाजतात, मग ते उजवीकडून आले की डावीकडून, याची पुष्कळ ॲप्सना पर्वा नसते.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील करिन जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचायला न शिकलेल्या, सुमारे पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे मोकळ्या हाताने लिहायला, गिरवायला आणि कळफलकावर दाबायला दिली होती. नंतर ती अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग मोकळ्या हाताने लिहिण्याच्या सरावानंतर विशेषकरून कार्यरत झालेले आढळले. नॉर्वेतील ओड्री व्हान डेर मीर यांच्या गटाने २०२४ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासातही टंकलेखनापेक्षा हस्तलेखनाच्या वेळी मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील जोडणी अधिक व्यापक दिसली. एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. त्या अभ्यासातले हस्तलेखन कागदावरचे नव्हते. ते डिजिटल पेनाने पडद्यावर केलेले होते. म्हणजे कागद पवित्र आणि काच अपवित्र, असा हा वाद नाही. हाताने पूर्ण अक्षर स्वतः घडवणे महत्त्वाचे आहे. घरी टॅबसोबत पेन असेल आणि मूल कोऱ्या पडद्यावर लिहीत असेल, तर तेही लेखनच आहे. तरीही पाटी स्वस्त आहे, तिच्यावर पेन्सिलीला खरखरीत अडसर मिळतो, त्यामुळे हाताला ताबा येतो, आणि मध्येच जाहिरात येत नाही.

आधी बोटांत बळ यावे लागते, हेही विसरू नये. कणीक मळणे, शेंगा सोलणे, सुईत दोरा ओवणे, सागरगोटे झेलणे, यांनी पेन्सिल धरणारी तीन बोटे तयार होतात. बालवाडीत लेखनाची घाई करण्यापेक्षा ही कामे भरपूर द्यावीत. पहिलीपासून पाटी, मग दुरेघी वही, आणि दुसरी ते पाचवी रोज दहा-बारा ओळींचे शुद्धलेखन, एवढे नेमाने झाले तर पुरेसे आहे. पानेच्या पाने शिक्षा म्हणून लिहायला लावण्याने अक्षर सुधारत नाही. लिहिण्याचा कंटाळा तेवढा कायमचा बसतो.

मग मराठी टंकलेखन कधी आणि कोणत्या पद्धतीने शिकवावे?

अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे हातात बसल्यावर, म्हणजे साधारण पाचवी-सहावीत. पद्धत इनस्क्रिप्टची असावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. भारतीय भाषांसाठीचा हा प्रमाणित कळफलक असून त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने येतात. ‘क्त’ उमटवायचा तर आधी क, मग हलन्त, मग त, असा क्रम लागतो. म्हणजे जोडाक्षर कशाचे बनले आहे हे बोटांनाही माहीत असावे लागते. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याच्या सोयीत हे लागत नाही. यंत्र चार पर्याय पुढे ठेवते आणि मूल दिसेल तो निवडते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक ज्याने हाताने लिहिलेला नाही, तो समोर आलेल्यांपैकी कोणत्याही एकावर बोट ठेवतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ऱ्हस्व-दीर्घाचीही हीच गत आहे. मोठ्यांनी घाईच्या निरोपांसाठी रोमनची सोय वापरावी, पण शिकणाऱ्या मुलाने तिथून सुरुवात करू नये.

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना पाढे पाठ करायला लावणे योग्य आहे का?

योग्य आहे, पण किती आणि कसे, हे ठरवून. ‘सात आठे छप्पन्न’ जिभेवर असेल तर भागाकार करताना मुलाचे लक्ष पायऱ्यांवर राहते. नसेल तर प्रत्येक पायरीला थांबून सात-सात मोजावे लागते आणि तोवर मूळ गणित काय होते ते निसटते. ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाच्या ‘असर २०२३’ या शिक्षणविषयक पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही, आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सहज वाचता आला नाही. त्याच पाहणीत सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येत होता. हातात यंत्र आले म्हणजे गणित आपोआप येते, हा समज सोडून देण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

आमचे मत असे की वीसपर्यंतचे पाढे पक्के असावेत आणि तीसपर्यंतचे ज्याला आवडतील त्याने करावेत. जुन्या परवच्यात, म्हणजे संध्याकाळच्या पाठांतरात, पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही असे. साडेतीनची पटी सांगणारी औटकी आज कोणाच्या कामाची नाही. ती जाऊ द्यावी. पावकी, निमकी आणि पाऊणकी मात्र पुन्हा शिकवाव्यात. ज्या मुलाला ‘सहा पाव दीड’ तोंडपाठ आहे, त्याला पाचवीत अपूर्णांक आले की तो घाबरत नाही, कारण ते त्याने भाजीच्या वजनात आणि दुधाच्या मापात आधीच ऐकलेले असतात. पाठांतर रोज संध्याकाळी दहा मिनिटे, मोठ्याने, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून करावे. सातवी-आठवीत टक्केवारी, व्याज, मोठ्या संख्यांचे क्षेत्रफळ अशा गणितांत कॅल्क्युलेटर खुशाल द्यावा. मात्र कळ दाबण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल हे मुलाने वहीत लिहावे, एवढीच अट ठेवावी.

कार्यानुभवाच्या तासाला मुले काही बनवतात, पण त्यातून शिकतात काय?

नीट घेतला तर या तासाला जितके शिकता येते तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या तासाला येत असेल. दिवाळीपूर्वीचा आकाशकंदील हे उदाहरण घेऊ. बांबूच्या कामट्या सारख्या लांबीच्या कापायच्या, टोके दोऱ्याने बांधून चौकोन करायचा. पहिला चौकोन बांधून झाला की मूल तो अभिमानाने उचलते आणि तो हातातच तिरका होतो. कोपरा दाबला की आणखी चपटा होतो. चारही कामट्या तेवढ्याच आहेत, परिमिती बदललेली नाही, पण आतली जागा डोळ्यांसमोर कमी होत जाते. मग कोणीतरी कर्णावर एक कामटी बांधते आणि चौकोन ताठ उभा राहतो, कारण आता त्याचे दोन त्रिकोण झालेले असतात आणि बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार बदलत नाही. शाळेच्या पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छपराला पेलणारा सांगाडा, त्रिकोणांनी का भरलेली आहे, हे त्या दिवशी मुलांना मान वर करून दाखवावे; पुन्हा सांगावे लागत नाही.

यानंतर तंत्रज्ञान आणावे. जिओजेब्रा नावाची भूमितीची प्रणाली फुकट मिळते. तिच्यात तोच चौकोन बाजू न बदलता कोपऱ्याला धरून ओढला की कोन आणि क्षेत्रफळ कसे बदलते, ते आकड्यांत दिसते. ज्या मुलाच्या हातात कामट्यांचा चौकोन कललेला आहे, त्याला पडद्यावरची ती आकृती खरी वाटते. उलट क्रमाने शिकवले तर ती नुसती हलणारी रेघ राहते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून आणि मातृभाषेतून शिक्षण देण्याची योजना मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम केला. टकळीवर सूत काततानाच मोजणी, कापसाचा भूगोल आणि इतिहास शिकवायचा, उद्योग हा वेगळा विषय न ठेवता इतर विषयांचे दार करायचा, हे तिचे सूत्र होते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, त्यामागेही काम करता करता शिकण्याचाच विचार होता. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन आणि अन्नप्रक्रिया करतात. त्याच पाबळमध्ये २००२ च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवणारी फॅब लॅबही उभी राहिली. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. पाना-हातोडी आणि संगणक एकाच छपराखाली नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला आपल्याला दूर शोधायला नको.

शाळांना एक विनंती मात्र कळकळीने करावीशी वाटते. कार्यानुभवाचा तास गणिताच्या उजळणीसाठी काढून घेऊ नका, आणि प्रदर्शनात दुकानातून आणलेल्या गुळगुळीत वस्तू मांडू नका. वाकडा का असेना, मुलाने स्वतः बांधलेला कंदील वर्गात टांगावा.

हस्तकौशल्यांचा आग्रह म्हणजे मुलांना पुन्हा जातीच्या धंद्याकडे ढकलणे नव्हे का?

ही शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या समाजात सुतारकाम, कुंभारकाम, चामड्याचे काम ही कौशल्ये शतकानुशतके जन्माने ठरत आली. काम करणाऱ्या हातांना लिहिण्यापासून दूर ठेवले गेले आणि लिहिणाऱ्या हातांनी कामाला कमी लेखले. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने मुलांना दिवसाचा काही भाग शाळेत आणि उरलेला वेळ आई-वडिलांच्या धंद्यात घालवायला लावणारी योजना आणली होती. तिला तीव्र विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती रद्द झाली. तो विरोध योग्यच होता, कारण त्या योजनेत न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि वकिलाच्या मुलाने पुस्तक धरायचे, हे गृहीत होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन या बाबतीत आजही वाट दाखवते. प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठ असावेत, अशी मागणी त्यांनी केली. अक्षरे आणि शेती दोन्ही, आणि तीही बहुजनांच्या मुलांसाठी. एकाच्या बदल्यात दुसरे नाही. म्हणून नियम असा असावा की हाताचे काम वर्गातल्या प्रत्येक मुलाने करावे, मुलग्यांनी भाकरी थापावी आणि मुलींनी करवत चालवावी, आणि कोणत्याही मुलाला ‘तुझ्या घरी हेच करतात ना, तू दाखव’ असे सांगून पुढे ढकलू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकण्याची तरतूद आहे. तिचे मोल ‘सर्व’ या शब्दात आहे. डॉक्टरांची मुले दहा दिवस चाकावर बसली आणि कुंभारांची मुले संगणकाच्या खोलीत तितकीच हक्काने बसली, तर या शंकेला थोडे तरी उत्तर मिळेल.

आमच्या शाळेत साधने नाहीत आणि घरी एकच फोन आहे. मग आम्ही काय करावे?

साधने कमी असणे हा शिक्षणातला अडथळा आहे, पण तो पार केल्याची उदाहरणेही आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शिंपले, बिया, खडे आणि पाने यांतून बालशिक्षणाची साधने उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, म्हणजे पुस्तक हातातच राहिले आणि कविता फोनवरून ऐकता आली. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती घरातल्या वस्तू वापरून करायच्या उपक्रमांवर आधारलेली होती. दूरचित्रवाणीने मुलाला पडद्यापासून उठवून स्वयंपाकघरात आणि अंगणात पाठवावे, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते.

एकच फोन असेल तर तो चार-पाच मुलांच्या गटाने वापरावा: एकाने वाचावे, एकाने करून पाहावे, एकाने लिहून घ्यावे. शाळेला थोडा निधी मिळाला, तर प्रत्येक मुलाला टॅब देण्यापेक्षा वर्गासाठी एक प्रोजेक्टर, चांगला स्पीकर आणि करवत, हातोडी, पक्कड, गुण्या, तराजू, सुई-दोरा यांनी भरलेले एक कपाट घ्यावे. टॅब दोन-तीन वर्षांत जुना होतो. चांगली पक्कड दोन पिढ्या टिकते.

सहा वर्षांच्या मुलाला कोडिंगचा वर्ग लावावा का?

घाई करू नये. राष्ट्रीय धोरणातही कोडिंगच्या उपक्रमांचा उल्लेख माध्यमिकपूर्व टप्प्यासाठी, म्हणजे सहावीपासून आहे. त्याआधी क्रमाने सूचना देणे-घेणे शिकायचे असेल तर रांगोळीचे ठिपके, विणकामाचे टाके आणि पोहे करण्याची कृती लिहून काढणे पुरते. पालकांच्या भीतीवर चालणाऱ्या महागड्या वर्गांवर खर्च करण्यापूर्वी तो पैसा पुस्तकांवर खर्च करावा.

मुले गृहपाठ आणि प्रकल्प चॅटजीपीटीकडून करून घेतात. बंदी घालावी का?

घरी घातलेली बंदी पाळली जाते की नाही हे तपासता येत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नये. शिवाय प्रकल्प विकत घेण्याची सवय यंत्राने लावलेली नाही. तयार तक्ते आणि छापील माहितीचे कागद स्टेशनरीच्या दुकानांत कितीतरी आधीपासून मिळत आले आहेत. बदलायला हवा तो प्रकल्प. ‘पाण्याचे महत्त्व’ हा विषय दिला तर यंत्र अर्ध्या मिनिटात दोन पाने देणार. त्याऐवजी ‘आपल्या घरी पाणी किती वेळ येते, एक बादली किती मिनिटांत भरते आणि दिवसभरात कोण किती वापरते’ हे आठवडाभर मोजून आणायला सांगावे. मोजणी वहीत, हाताने, तारखेसह असावी. नंतर त्या आकड्यांचा आलेख करायला किंवा मजकूर तपासायला सातवी-आठवीच्या मुलांनी यंत्राची मदत घेतली तर हरकत नाही. मूल्यमापनात शिक्षकांनी दोन-तीन तोंडी प्रश्न विचारावेत. ज्याने बादली भरताना घड्याळ पाहिले आहे तो अडखळत नाही.

मूल फोन सोडतच नाही. एकट्या घराने काय करायचे?

एकट्या मुलावर नियम लादला तर तो टिकत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यास करायचा, आणि मोठ्यांनीही तो वेळ पाळायचा. त्या उपायाचे बळ मोठ्यांच्या सहभागात आहे. शहरातल्या इमारतीत भोंगा शक्य नसेल, पण जेवणाच्या वेळी आई-वडिलांसह सर्वांचे फोन एका टोपलीत ठेवणे शक्य आहे. रिकाम्या झालेल्या वेळात करण्यासारखे काही हाताशी असले पाहिजे: पत्ते, कॅरम, विणकाम, मोठ्याने वाचायचे पुस्तक. नुसते ‘ठेव तो फोन’ म्हटल्याने काहीच साधत नाही.

आम्ही परदेशात राहतो. मुले मराठी बोलतात, पण लिहीत नाहीत. ॲप पुरेसे आहे का?

ऐकण्यासाठी आणि शब्द वाढवण्यासाठी ॲप आणि व्हिडिओवरचे बोलणे हे तिथे खरोखरच वरदान आहे. या बाबतीत तंत्रज्ञानाने जे दिले ते दुसऱ्या कशानेही मिळाले नसते. लेखनासाठी मात्र हात चालवावाच लागतो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने अनेक शहरांत आठवड्याच्या सुट्टीत मराठी शाळा भरतात, तिथे नाव घालावे. आठवड्यातून एकदा मुलाने आजी-आजोबांना देवनागरीत चार ओळींचे पत्र हाताने लिहावे, त्याचे छायाचित्र पाठवावे, आणि आजी-आजोबांनी उत्तर हातानेच लिहून पाठवावे. पोस्टाचा खर्च वाचतो आणि लिहिण्याला वाचणारा मिळतो.

आम्हां पालकांनाच यातले काही येत नाही. कोठून सुरुवात करावी?

जे येते तिथून. बटण लावता येते, कुकर लावता येतो, सायकलचे पंक्चर काढता येते, कुंडीत मिरची लावता येते, यांपैकी एखादे तरी बहुतेक घरांत कोणाला ना कोणाला येतेच. महिन्याला एकच काम निवडावे आणि ते मुलाने स्वतः पूर्ण करेपर्यंत मोठ्यांनी हात मागे ठेवावा. शिलाई उसवली तर पुन्हा मुलानेच घालावी. जे घरात कोणालाच येत नाही त्यासाठी जवळचा शिंपी, सुतार किंवा सायकल दुरुस्त करणारा कारागीर शोधावा, त्याच्या वेळेचे रीतसर पैसे द्यावेत, मुलाने त्यांना काका किंवा मावशी म्हणावे आणि शिकवणाऱ्याचा मान द्यावा. त्यांची परवानगी घेऊन फोनवर त्या कामाचे चित्रीकरण करावे, म्हणजे घरी आल्यावर टाका कसा घातला किंवा गाठ कशी मारली हे अडेल तिथे पुन्हा पाहता येते.